मी व्हिएतनाममध्ये, ती पालीत

बत्तीस वर्षांच्या बाईने परदेशी जायला आईची परवानगी मागावी, यात हसण्यासारखं काही नाही. हसणारे माझ्या आईला भेटलेले नाहीत. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मी कामावरून निघाले की आईला मेसेज करते, रिक्षात बसले की करते, आणि लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबते तेव्हा आई दार उघडून उभी असते. त्यामुळे व्हिएतनामचा विषय काढला तेव्हा तिने जे सांगितलं ते मला अपेक्षितच होतं. अठरा दिवस जा, पाठीला बॅग लावून जा, वाट्टेल तिथे झोपा, पण दोघी असाल तरच. एकटीला मी सोडणार नाही.

दुसरी म्हणजे बी विंगमधली माझी मैत्रीण. आम्ही गिरगाव सोडून मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला राहायला आलो त्याच महिन्यात तेही आले, तेव्हापासून आम्ही एकमेकींना चिकटलेल्या. खरं म्हणजे हा प्रवास तिचा. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर लोकांना वरची ओळ स्पष्ट दिसते की खालची असं विचारते, आणि संध्याकाळी मला टीव्हीसमोर बसायला आवडतं. तीच गेली अकरा वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून मला परदेशाचे व्हिडिओ दाखवायची. पाठपिशवी कुठली घ्यायची, मोजे किती, कुठल्या गावाहून कुठल्या गावाला बस, सगळं तिने ठरवलेलं. मी फक्त मान हलवत आले होते.

हनोईत उतरलो आणि पहिल्याच सकाळी दोघींनी एक गोष्ट केली, जी फक्त मिरा रोडची माणसंच करू शकतात. आमच्याकडे समोरचा मराठी नाही असं दिसलं की तोंडातून आपोआप हिंदी निघते. भाजीवाला, इस्त्रीवाला, वॉचमन, सगळ्यांशी हिंदी. तर फुटपाथवर फळं विकणाऱ्या एका बाईसमोर बसून माझी मैत्रीण अगदी मनापासून म्हणाली, "थोडा कम करो ना." बाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मैत्रिणीने हिंदीतच उत्तर दिलं. असं दोन मिनिटं चाललं आणि सौदा झालासुद्धा. आम्ही कोपरा वळल्यावर एकमेकींकडे पाहिलं आणि तिथेच हसत बसलो.

पण त्यानंतर तिचं हसणं कमी होत गेलं. ती शाकाहारी, आणि त्या देशात पालेभाजीतसुद्धा माशाचा अर्क घालतात. एका खोलीत आठ जणी झोपायच्या, त्यात कुणाचा तरी अलार्म पहाटे वाजायचा आणि जिचा असायचा तीच तेवढी उठायची नाही. माझी मैत्रीण मात्र टक्क जागी. पोटाचं गणित बिघडलं, खांदे सोलले गेले. मला वाटलं, होईल सवय. मला झाली होती, आणि याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटत होतं.

सहाव्या दिवशी आम्ही निन्ह बिन्हला होतो. डोंगरांमधून नदी वाहते आणि बायका पायांनी वल्ही मारत होडी नेतात, असं ते सुंदर गाव. सकाळी होडीत बसून आलो, आणि दुपारी बसस्टँडवर ती आपल्या बॅगेवर बसली ती उठेचना. मी म्हटलं, आज चांगलं हॉटेल घेऊ, वेगळी खोली घेऊ, डाळभात मिळेल अशी जागा शोधू.

"हॉटेलचा प्रॉब्लेम नाहीये," ती म्हणाली. "सकाळी उठल्यावर आज कुठे झोपणार ते माहीत नसतं ना, तेच मला आवडत नाहीये. आणि मला वाटलेलं, तेच मला आवडेल."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर राग आला. अकरा वर्षं जिने माझं डोकं खाल्लं तिने सहाव्या दिवशी बॅगेवर बसावं? मी बरंच काही बोलले, त्यातलं निम्मं बोलायला नको होतं. मग आम्ही दोन तास एकमेकींकडे पाठ करून बसलो. समोर बसेस येत होत्या, जात होत्या, आणि मला कळत होतं की ती गेली तर मलाही जावं लागणार. आईची अट होती. आणि त्या क्षणी मला इतकं स्वच्छ कळलं की मला जायचं नाहीये. मला पुढची बस पकडायची होती. आयुष्यात एवढ्या ठामपणे मला काहीच हवं वाटलं नव्हतं, त्यामुळे मी जरा घाबरलेच.

शेवटी तीच वळली. म्हणाली, मी जाते, तू राहा. काकूंना कळलं तर ना.

तिची योजना अशी. ती मुंबईला उतरेल, पण घरी जाणार नाही. घरी गेली की बी विंगमधून ए विंगमध्ये बातमी जायला पाच मिनिटं पुरे, आणि सहाव्या मिनिटाला मला आईचा फोन येईल. तिच्या ऑफिसातली एक मुलगी पालीला राहते, उत्तनच्या पुढे, समुद्राला लागून. ती कधीची ये ये म्हणतेय. रजा तर घेतलेलीच आहे. उरलेले अकरा दिवस ती पालीत काढेल, आणि मी परत येईन त्या दिवशी दोघी एकाच रिक्षातून सोसायटीत शिरू. मिरा रोडचं कोण कडमडायला जातंय पालीत, ती म्हणाली. मलाही ते पटलं. पंधरा वर्षं तिथे राहून आम्ही दोघी पालीला एकदाच गेलो होतो, तेही चुकून.

मग आम्ही कामाला लागलो. आईला रोज दोघींचा एक फोटो लागायचा. म्हणून पुढच्या दिवसांचे फोटो त्या एका संध्याकाळीच काढून ठेवले. स्वच्छतागृहात जाऊन कपडे बदलायचे, बाहेर यायचं, नवं झाड शोधायचं, हसायचं. पिवळा टॉप, निळा कुर्ता, माझा शर्ट तिला, तिचा मला. तिकडच्या तिकीट खिडकीवरची बाई आमच्याकडे आ वासून बघत होती. रागरुसवा तिथेच विरघळला. दुसऱ्या दिवशी ती हनोईच्या बसमध्ये बसली, खिडकीतून हात हलवला, आणि बस वळणावरून दिसेनाशी झाली.

एकटं असण्याचा पहिला दिवस मी उपाशी काढला. पैसे होते, भूक होती, समोर दुकानं होती. पण एकटीने आत शिरून, एकटीने खुर्ची ओढून बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला येईना. मी तीन खानावळींवरून सात वेळा गेले. शेवटी चार वाजता एका म्हातारीने मला दंडाला धरून आत नेलं आणि समोर वाडगा ठेवला. मी खाल्लं. काही झालं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर मात्र मी सुटलेच. दिवसभराच्या बसने दक्षिणेला सरकत गेले. ह्वे नावाच्या गावात सायकल भाड्याने घेतली आणि ती पंक्चर झाली, तर ज्यांच्या दारात झाली त्या माणसांनी पंक्चर काढून होईपर्यंत मला अंगणात बसवून उसाचा रस पाजला. एका गावात चुकीच्या ठिकाणी उतरले आणि तिथेच दोन दिवस राहिले, कारण मला कुणालाच काही समजावून सांगायचं नव्हतं. आवडलं की थांबायचं, नाही आवडलं की निघायचं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला रोज सकाळी काय हवंय हे स्वतःला विचारावं लागत होतं, आणि उत्तरं भराभर येत होती.

फक्त संध्याकाळचा फोन जड जायचा. तिकडे दीड तास पुढे असतं. आईचे सात वाजले की माझे साडेआठ, आणि तेवढ्यात फोन वाजायचा. मी जेवले का, ते आई विचारायची. मग मैत्रीण जेवली का, हे विचारायची. मी खोटं बोलण्यात इतकी तरबेज होईन असं वाटलं नव्हतं. आज तिला टोफू मिळाला. आज तिचे पाय दुखतायत. आता ती अंघोळीला गेलीय. किती अंघोळ करते ती पोरगी, आई म्हणायची. पहिल्या दोन दिवसांनंतर आईने "तिला जरा फोन दे" म्हणणं बंद केलं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. फोटोंनाही आई न चुकता उत्तर द्यायची. पिवळा टॉप तिला शोभतो, असं तिने लिहिलं, तेव्हा मी मोठ्याने हसले.

पालीहून रोज मेसेज यायचे ते वेगळेच. माझी मैत्रीण तिथे मजेत होती. व्हिएतनाममध्ये आठ जणींत जिला झोप येत नव्हती ती तिकडे ऑफिसच्या मैत्रिणीच्या हॉलमध्ये सात माणसांत घोरत होती. घर मच्छीमारांचं, सगळीकडे मासळी, पण तिच्यासाठी वेगळी डाळ शिजायची आणि कुणी तिला हसत नव्हतं. ती बांबूंवर बोंबील वाळत घालायला शिकली. खात नव्हती, फक्त वाळत घालत होती. तिच्या आईवडिलांना ती फोन करायची तेव्हा मागे लाटांचा आवाज यायचा. समुद्रावर आहात का, ते विचारायचे. हो, समुद्रावरच आहोत, ती सांगायची, लोक फार प्रेमळ आहेत. तिचं म्हणणं, मी अजून एकही खोटं वाक्य बोललेले नाही.

बाराव्या दिवशी मला ताप आला. समुद्रकाठचं छोटं गाव, वरच्या मजल्यावरची खोली, खाली मालकीणबाईंचं शिवणकामाचं दुकान. सकाळी उठले तर अंग फणफणलेलं आणि डोकं उचलवेना. मालकीणबाईंनी डॉक्टर आणला, त्याने गोळ्या दिल्या, साधा ताप आहे असं हातवाऱ्यांनी सांगितलं. मला ते पटत होतं, तरी मी घाबरले. आजारपणात एकटीने छताकडे बघत पडायची मला सवयच नव्हती. पालीला मैत्रिणीला कळवलं. काकूंना सांगते म्हणाली. मी तिला शपथ घातली. आईला हे कळलं असतं तर ती पहिल्या विमानाने आली असती, आणि ज्या बाईने कधी पासपोर्ट काढला नाही तिने ते कसं जमवलं असतं देव जाणे, पण जमवलं असतं.

साडेआठला फोन आला. आवाज ऐकून आई म्हणाली, काय झालं? आणि मला एकदम रडू यायला लागलं. आईचा आवाज ऐकल्यावर मला काय करायचं, ते तिच्याकडूनच ऐकायचं होतं. म्हणून मी म्हणाले, "मला काही नाही गं. तिला ताप आलाय. मी घाबरलेय जरा."

 आई म्हणाली, किती आहे ताप? मी सांगितलं. डॉक्टर आला होता का, काय म्हणाला, गोळी कधी दिली, सगळं विचारलं. मग अगदी शांतपणे, एकेक सांगत गेली. तिला भाताची पेज मिळते का बघ, मीठ घालून प्यायला सांग. पंखा थेट अंगावर नको. कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेव. तिला सांग, पाणी पीत राहा, नको वाटलं तरी. मी त्या खोलीत एकटीच, फोन कानाला लावून, रुमाल ओला करून स्वतःच्याच कपाळावर ठेवत होते आणि हो, ठेवलाय, असं सांगत होते.

"आणि तिला सांग," शेवटी आई म्हणाली, "काकू म्हणतायत, साधा ताप आहे, उद्यापर्यंत उतरेल. घाबरायचं नाही."

मी म्हटलं, तिच्या आईला काही बोलू नकोस हं, उगाच काळजी करतील. मी कशाला बोलते, आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईचे चार फोन आले. तिचा ताप उतरला का? तिने काही खाल्लं का? आज तिला बरं वाटतंय ना? तिसऱ्या दिवशी मी उठून बाहेर गेले, नारळपाणी प्यायले आणि आईला कळवलं की ती बरी झाली. आईने फक्त हात जोडल्याची खूण पाठवली. मैत्रिणीवर एवढी माया आहे हिची, मला वाटलं, आणि थोडा मत्सरही वाटला.

अठराव्या दिवशी सकाळी मी मुंबईत उतरले. टॅक्सीने काशिमिरा नाक्यापर्यंत आले, तिथे ठरल्याप्रमाणे माझी मैत्रीण पाठपिशवी घेऊन रिक्षात बसलेली. माझ्यापेक्षा ती जास्त काळवंडली होती. अंगाला सुक्या मासळीचा वास येत होता, तो मी सेंट मारून दाबला. तिच्या हातात तिकडच्या कॉफीची पाकिटं दिली, तिने आपल्या घरी द्यायला. रस्त्यात तिला शेवटच्या अकरा दिवसांची उजळणी करून दिली. उसाचा रस, पंक्चर, समुद्रकाठचं गाव, ताप. ताप तुला होता, विसरू नकोस. ती सगळं घोकत होती.

लिफ्टचं दार उघडलं. आई दारात उभी होतीच. उंबऱ्याबाहेरच थांबा म्हणाली, आत गेली आणि एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची आमच्याकडे पद्धत आहे. तीनदा माझ्यावरून ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं. मग माझी मैत्रीण पुढे सरकली आणि तिने मान खाली घातली.

"तुला कशाला?" आई म्हणाली. "पालीहून आलेल्याला कुठे ओवाळतात?"

मैत्रिणीच्या हातातली कॉफीची पाकिटं खाली पडली. मी उचलायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले.

आम्ही एवढं सगळं ठरवलं आणि एक गोष्ट विसरलो. मिरा रोडचं कुणी पालीला जात नाही, पण पालीची मासळी रोज सकाळी मिरा रोडला येते. आमच्या कोपऱ्यावर जी मावशी बसते, जिच्याकडून आई पंधरा वर्षं मासे घेते, ती कुठून येते हे मी कधी विचारलं नव्हतं. मैत्रिणीच्या घरी मासे शिजत नाहीत, त्यामुळे तिने मावशीला कधी नीट पाहिलंही नव्हतं. ती ज्या घरात राहत होती ते त्याच मावशीचं घर. रोज पहाटे मावशी टोपली घेऊन निघायची, आणि मावशी कुठे जाऊन बसते असं विचारायचं आमच्या हुशार बाईला सुचलं नाही. तिसऱ्याच दिवशी मावशीने मोबाइलवर आईला फोटो दाखवला. ही पोर आमच्या घरी हाय, परदेशातून आलीय, घरी जायला भितेय, मासा काय खात न्हाय, तुमच्याच बाजूची हाय ना?

आईने हे सगळं आम्हाला हॉलमध्ये उभं करून सांगितलं. आवाज चढवला नाही. मैत्रिणीला म्हणाली, तुझ्या आईला मी बोललेले नाही, ते तुझं तू बघ, आणि आधी अंघोळ कर. ती बिचारी काकू, सॉरी, एवढंच पुटपुटत बी विंगला पळाली. मग घरात आम्ही दोघी राहिलो. मला इतकी लाज वाटत होती की मी बॅगसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती. टोफू, दुखणारे पाय, अंघोळी, पिवळा टॉप. आईने सगळं सगळं ऐकून घेतलं होतं. नऊ दिवस, रोज संध्याकाळी सात वाजता, आपली मुलगी तिकडे एकटी आहे हे माहीत असताना.

"मग तू काही बोलली का नाहीस?" मी विचारलं. "नुसतं ये म्हणाली असतीस तरी मी आले असते."

"तेच ना," आई म्हणाली. "आली असतीस. म्हणून नाही म्हटलं."

ती आत गेली, तांब्या सिंकमध्ये ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली, गाऊनला हात पुसले, माझ्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली आणि तिचा गार तळवा माझ्या कपाळावर टेकवला.

"परत नाही ना आला ताप?" तिने विचारलं.

ताप मला आला होता, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.